कूलरसमोरची जागा

नागपुरात घरातल्या माणसाचा मान किती, हे मे महिन्यात तो कुठे झोपतो यावरून कळतं. कूलरच्या बरोबर समोरची जागा कर्त्या पुरुषाची. तिरपा झोत मुलांचा. आणि जिथे नुसती घरघर ऐकू येते, गारवा पोचत नाही, ती जागा आल्यागेल्याची. आमच्याकडे कूलरच्या समोर, चांगली सहा-सात फुटांवर, एक सागाची फळी टांगलेली असते. फळीला एक फॅलेनॉप्सिस ऑर्किड बांधलेलं आहे. कर्ता पुरुष तिरप्या झोतात झोपतो आणि अधूनमधून झोपेतच सुस्कारा सोडतो.

फॅलेनॉप्सिस म्हणजे महागड्या हॉटेलच्या स्वागतकक्षात पांढऱ्या-जांभळ्या फुलांची कमान घेऊन उभं असतं ते. आपण बोट लावून बघतो, प्लास्टिकचं निघेल म्हणून. बाजारात ते कुंडीत, ताठ उभं मिळतं. मूळचं मात्र ते फिलिपीन्स, इंडोनेशिया, तैवान इकडच्या जंगलातलं. तिथे ते झाडाच्या खोडाला मुळांनी धरून राहतं, पानं खाली झुकलेली, म्हणजे पावसाचं पाणी पानांच्या बेचक्यात न साचता ओघळून जातं. बेचक्यात पाणी राहिलं की गाभा कुजतो, आणि या झाडाला वाढायला तो एकच गाभा असतो. तेव्हा त्याला कुंडीतून काढून लाकडावर, तोंड खाली करून बसवायचं मी ठरवलं. घरच्यांना हा बेत सांगितला तेव्हा कोणी विरोध केला नाही. मी काय करणार आहे हे कोणाला कळलंच नव्हतं.

लाकूड घरचंच होतं. महाल भागातला सासरचा वाडा पाडला तेव्हा एका चौकटीचा तुकडा सासूबाईंनी जपून ठेवला होता. त्यातून हातभर फळी काढायला सुताराला बोलावलं. त्याने रंधा हातात घेतला, तर मी म्हटलं, गुळगुळीत करू नका, खरखरीतच राहू द्या, आणि पॉलिश अजिबात नको. मुळं खरखरीत पृष्ठभाग पकडतात आणि पॉलिशमधली रसायनं त्यांना बाधतात, हेही सांगितलं. ज्या माणसाने उभा जन्म लाकूड गुळगुळीत करण्यात घालवला, त्याला हे ऐकवणं सोपं नाही. त्याने मुकाट्याने काम केलं. मी फळीवर ओल्या मॉसचा पातळ थर दिला, त्यावर मुळं पसरली आणि तंगुसाने आवळायला लागले, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"काय करून राहिल्या ताई? लाकडाले झाड बांधून राहिल्या?"

"हो."

"झाडापासून लाकूड होते बाप्पा. तुम्ही उलटं लावलं."

बांधताना गाठ मुळांवर मारायची, गाभ्यावर नाही, आणि झाड हलता कामा नये. हललं की मुळांची कोवळी टोकं घासून मरतात आणि नवी मुळं लाकूड धरत नाहीत. एकदा धरलं, की तंगूस कापून टाकलं तरी चालतं. आमचं तंगूस अजून आहे. काढलं की झाड पडेल अशी नवऱ्याची खात्री आहे आणि नेमका त्याखालीच तो बसतो.

सासूबाईंची हरकत मुळातली होती. "माती कुठे आहे?"

"लागत नाही, आई."

"मग खाते काय?"

मी सांगितलं की जंगलात सालीवर साचलेला पालापाचोळा, पावसाबरोबर येणारे क्षार आणि पक्ष्यांची विष्ठा एवढ्यावर भागतं त्याचं. सासूबाईंनी हॉलभर नजर फिरवली. "यातलं आपल्याकडे काय आहे?"

प्रश्न रास्त होता. म्हणून १९:१९:१९ हे विद्राव्य खत आणायला कृषी सेवा केंद्रात गेले. दुकानदाराने विचारलं, "किती एकर?" मी म्हटलं, "एक फळी." त्याने एक किलोचं पाकीट दिलं. त्याहून लहान नव्हतं. ऑर्किडला एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा पुष्कळ होतं, आणि तेही आठवड्यातून एकदा. या हिशेबाने ते पाकीट माझ्या नातवंडांना पुरेल, आणि मुलगा अजून बारावीत आहे.

झाडावर झाड बघितलं की आपल्याकडे त्याला सरसकट बांडगूळ म्हणतात. सासूबाईंनीही तेच म्हटलं. मी समजावलं की बांडगूळ दुसऱ्या झाडाच्या आत शिरून त्याच्यातलं पाणी ओढतं. हे बिचारं काही घेत नाही, याला फक्त बसायला जागा लागते. सासूबाईंनी सोफ्यावर मोबाइल घेऊन आडव्या झालेल्या आपल्या लेकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग बांडगूळ कोणतं ते माहीत आहे मला."

त्यांचं माहेर साकोलीकडचं. तिथे आंब्या-मोहाच्या झाडांवर असलं काहीतरी असायचं आणि उन्हाळ्यात त्याला तपकिरी चौकड्यांची, वासाची फुलं यायची, असं त्यांना आठवलं. ते बहुतेक वांडा टेसेलाटा. विदर्भाच्या कोरड्या जंगलातलं ऑर्किड, चांगलं चिवट. "त्याला कोणी पाणी नाही घातलं कधी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. पण वांडाच्या कैक पिढ्या इथल्या उन्हात निघाल्या. आमचं फॅलेनॉप्सिस पडलं सदा पावसाच्या मुलखातलं. ते नागपुरात नांदायला आलंय, त्याच्या माहेरच्या सवयी थोड्या सांभाळायला नकोत? हा युक्तिवाद मी मुद्दाम सासूबाईंसमोर केला. त्यांनी विषय बदलला.

कुंडीतल्या फॅलेनॉप्सिसला आठवड्यातून एकदा पाणी पुरतं. फळीवरच्याला रोज लागतं आणि मेमध्ये दोनदा, कारण तिथे पाणी धरून ठेवायला फारसं काही नाही. जागेवरच पाणी मारलं तर भिंतीला ओल येते आणि तिथून घरमालकाच्या कपाळावर आठी. म्हणून फळी सकाळी खाली उतरवायची आणि दहा-पंधरा मिनिटं बादलीत बुडवायची. या वेळी बाथरूममध्ये बघण्यासारखं असतं. कोरडी मुळं पांढरट, चंदेरी असतात. त्यांच्यावर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. पाणी लागलं की ते आवरण पाणी पितं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. जिथपर्यंत पाणी चढलं तिथपर्यंत हिरवं, त्याच्या वर अजून रुपेरी, मधली रेघ सरकताना दिसते. मी पाटावर बसून ते बघत असते. बाहेरून ट्यूशनला निघालेला मुलगा दार वाजवतो.

"कोण आहे आत?"

"ऑर्किड!"

पाणीही कुठलंही चालत नाही. आमच्या बोअरचं पाणी जड. कूलरच्या ताट्यांवर महिनाभरात चुन्यासारखा पांढरा थर धरतो. तेच क्षार मुळांवर बसले तर स्पंजाची भोकं बंद. त्यामुळे ऑर्किडला फिल्टरचं पाणी आणि पावसाळ्यात गच्चीवर पिंप लावून धरलेलं पाऊसपाणी. आंघोळीला फिल्टरचं पाणी घेणारा आमच्या घराण्यातला हा पहिलाच.

आता कूलरकडे येते. लोकांना वाटतं मी लाड करते. तसं नाही, शास्त्र आहे. या झाडाला हवेत निम्म्याच्या वर दमटपणा लागतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारी दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. धुतलेली चादर अर्ध्या तासात पापडासारखी कडक होते त्या हवेत मॉसचं काय होणार? पण नुसता दमटपणाही उपयोगाचा नाही, हवा खेळती हवी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं, तेव्हा गरम देशातलं झाड म्हणून त्यांनी ती काचेच्या बंद, कोंदट, वाफाळलेल्या घरांत ठेवली आणि ढिगाने मारली. ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन हा माळी होता. त्याने झरोके उघडून वारा आत घेतला, निरनिराळ्या जातींना निरनिराळं तापमान दिलं, आणि झाडं जगायला लागली. दमट आणि वाहती हवा एकाच वेळी देणारं यंत्र पॅक्स्टनला मिळालं नाही. नागपुरात ते होळीनंतर प्रत्येक खिडकीला लागतं. ऑर्किडवाल्या इंग्रजी पुस्तकांत मात्र कूलरचा उल्लेखही नाही. लेखक मंडळी मेमध्ये विदर्भात आलेली नसावीत.

आणि एका बाबतीत हे झाड इथे येण्याआधीपासूनच नागपूरकर होतं. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. फॅलेनॉप्सिस दिवसा छिद्रं मिटून बसतं, पाणी उडू नये म्हणून, आणि रात्री उघडून वायू साठवून घेतं. दुसऱ्या दिवशी उन्हात, दारं बंद ठेवूनच, त्यावर काम उरकतं. आमच्याकडे मेमध्ये सकाळी दहाला दारं-खिडक्या-पडदे बंद होतात आणि रात्री नऊनंतर माणसं अंगणात दिसायला लागतात, ती याच न्यायाने. हे कळल्यावर नवऱ्याच्या मनात पहिल्यांदा त्याच्याविषयी आपुलकी निर्माण झाली.

पावसाळ्यात कूलर जातो आणि बुरशी येते. एका पानाच्या बुडाशी पाणचट डाग दिसला, तेवढा भाग गरम करून गार केलेल्या सुरीने कापला आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड दाबली. ऑर्किडवाले हे सर्रास करतात. दालचिनी बुरशीला आवर घालते आणि जखम कोरडी करते. मुळांना मात्र लावायची नाही, ती वाळतात. त्या रविवारी रश्श्यात काहीतरी कमी आहे असं तिघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं. पिठ्या ढेकूणही एकदा आला होता. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपला. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की फॅलेनॉप्सिसच्या मनात फुलायचं येतं. दिवसा पंचविशीच्या आत आणि रात्री सतरा-अठरा अंश, असे काही आठवडे मिळाले की दांडा निघतो. कायम उबेत ठेवलं तर ते जन्मभर पानंच काढत बसेल. म्हणून नोव्हेंबरात फळी पूर्वेच्या खिडकीशी आणि खिडकी रात्री चार बोटं उघडी. झाडाला थंडी मानवली. नवऱ्याला सर्दी झाली.

मग एका पानाखालून हिरवं टोक बाहेर आलं आणि घरात दोन तट पडले. मुलगा म्हणे मूळ, मी म्हणे दांडा. मुळाचं टोक गोल आणि तकतकीत असतं. दांड्याचं जरा चपटं, एका बाजूला खाच असल्यासारखं. हा खुलासा मी रोज करत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी टोक वर वळलं आणि मी जिंकले. त्यानंतर फळीची दिशा बदलायची बंदी, कारण कळ्या उजेडाच्या दिशेने तोंड लावून घेतात आणि आपण मधेच दिशा बदलली की दांडा पिळवटतो. सासूबाईंच्या मते झाडाचं तोंड दाराकडे असणं शुभ. दिवसातून दोनदा मी तपासून येत असे. हॉलमधली केळ्यांची फणीही स्वयंपाकघरात नेली. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात.

"केळ्यांची नजर लागते म्हण ना सरळ," सासूबाई म्हणाल्या.

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तीन फुलं उघडलेली आणि पाच कळ्या तयार. सासूबाईंनी सकाळी परडी घेऊन हात पुढे केला होता, देवाला एक म्हणून. झाडावर राहिलं तर हेच फूल दोन-तीन महिने टिकतं, असं मी घाईघाईने सांगितलं. त्यांनी देवघराकडे पाहून "बघतोय तो इथूनच" असं म्हटलं आणि परडी मागे घेतली.

संध्याकाळी कॉलनीतल्या झाडून सगळ्या आल्या. पहिलीने पाकळीला नखाने टोचून पाहिलं. दुसरी म्हणाली, "वहिनी, एखादी फांदी द्या ना लावायला." याला फांदी नसतेच, म्हटलं. "मग बी?" तिला सांगावं लागलं की बी असतं ते धुळीसारखं, एका बोंडात हजारोंनी, आणि प्रत्येक कणात शिदोरी म्हणून काहीच नाही. रुजायला त्याला विशिष्ट बुरशीची सोबत लागते. हे नोएल बर्नार या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये ओळखलं. मग १९२२ मध्ये लुईस नडसनने अमेरिकेत बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगरवर बी रुजवून दाखवलं. तेव्हापासून ही रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढतात, म्हणून तुमच्याआमच्या खिशाला परवडतात आणि जंगल ओरबाडावं लागत नाही. "अगं बाई, टेस्ट ट्यूब बेबी!" असं म्हणून तिने वाण उचललं.

मी तिळगुळाचा ट्रे आणायला आत गेले. बाहेर आले तर सासूबाई फळीखाली उभ्या राहून मंडळींना सांगत होत्या, "बांडगूळ नव्हे हो, बांडगूळ वेगळं. याला फक्त बसायला जागा लागते. लाकूडही साधंसुधं नाही, आमच्या वाड्याची चौकट आहे."

"पण इतकी फुलं आली कशाने, काकू?"

"काही नाही. तांदळाचं धुवण घालते मी रोज."

माझ्या हातातला ट्रे तिरका झाला. "रोज?"

"रोज कुठे," सासूबाई म्हणाल्या, "एकादशीला भात नसतो ना आपल्याकडे."