पँट्री आणि आत्या

दिल्ली-चेन्नई मार्गावर आम्ही चंद्रपूरकर जेवणाच्या दृष्टीने अगदी चुकीच्या जागी राहतो. बल्लारशाहला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते. इंजिनाचे ड्रायव्हर बदलतात, डब्यांत पाणी भरतात, थोडं पुढे गेलं की 'चाय-चाय'ची 'काफी-काफी' होते. बदलत नाही ती पँट्रीतली डाळ. पँट्रीवाला जेवणाची ऑर्डर घेतो नागपूरला, आम्ही चढतो बल्लारशाहला, त्यामुळे आमची भूक त्याच्या यादीतच नसते. फार विनवण्या केल्या तर ताट येतं, पण तोवर सिरपूर कागजनगर मागे पडलेलं असतं. भूक महाराष्ट्रातली आणि जेवण तेलंगणात.

माझी आत्या गडचिरोलीची. १९८२ साली चंद्रपूरची वाटणी होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. वाट्याला जंगल भरपूर आलं, रेल्वे स्टेशन मात्र एकच, वडसा, आणि तेही जिल्ह्याच्या काठावर. रेल्वेच्या जेवणाबद्दल तक्रार करायची तर आधी रेल्वे लागते, म्हणून गडचिरोलीकर या बाबतीत कायम समाधानी.

आत्याला डोळे दाखवायला सिकंदराबादला नेत होतो. "आत्या, डबा नको, गाडीत गरम जेवण मिळतं," असं मी तोऱ्यात सांगितलं. तिने मान डोलावली आणि डबा घेतला.

ताट आलं. चार पोळ्या एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या. लोणच्याची पुडी दाताने फाटेना, किल्लीने फाटेना, शेवटी समोरच्या काकांच्या अंगावर फाटली. आत्याने डाळीत डोकावून पाहिलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, तरी वाटीचा तळ तिला स्वच्छ दिसला. "काहून रे बाबू, हे डाळ होय का डाळ धुतलेलं पानी?"

"स्टँडर्ड मील है, आंटी," पँट्रीचा पोरगा म्हणाला.

मी बिल मागितलं. बिल नाही तर जेवण फुकट, असं रेल्वेनेच जाहीर केलंय. मशीनचं चार्जिंग संपलेलं होतं. "मग फुकट का?" या माझ्या प्रश्नावर त्याने असं काही पाहिलं, की मी सुट्टे पैसे काढून दिले आणि वर 'राहू दे' म्हणालो.

कॅगने ७४ स्थानकं आणि ८० गाड्या तपासून २०१७ साली अहवाल दिला: पेयांना थेट नळाचं पाणी, कचऱ्याचे डबे उघडे, बिलाचा पत्ता नाही. आत्याने एका वाटीत निकाल लावला आणि प्रवासभत्ताही मागितला नाही.

तसं त्या पोराला बोलायला माझी जीभ रेटत नाही. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर पारा ४६ वर असतो, आत पँट्रीत भट्टी, आणि ताटांची चळत घेऊन वीसेक डबे पायी तुडवायचे. पण चोख सेवा कशी असते हे बघायचं तर चंद्रपुरातल्या पानठेल्यावर उभं राहावं. सुपारी किती, तंबाखू किती, चुना किती, सगळं विचारून माणूस डोळ्यांदेखत खर्रा घोटून देतो. वस्तू वाईट, हे मान्य. पण डाळीबद्दल एवढ्या आस्थेने आम्हाला कधी कुणी विचारलेलं नाही.

मग आत्याने डबा उघडला. तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि झिंगे. सुकवलेल्या झिंग्यांचा वास झाडीपट्टीत स्वर्गीय मानतात, पण वातानुकूलित डब्यात त्याला बाहेर जायला वाट नसते. पाचच मिनिटांत तक्रार गेली. पँट्रीची नव्हे, आत्याची. टीसी आला. नाक वर करून त्याने दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही कोनत्या गावच्या जी?" गृहस्थ मूळचा मूलचा निघाला. तक्रारीची चौकशी त्याने आमच्याच बाकावर बसून केली. ती दोन भाकरी चालली.

गोंदिया-बल्लारशाह पॅसेंजरला तर पँट्रीच नाही, आणि त्या गाडीतून उपाशी उतरलेला माणूस मी पाहिलेला नाही. नागभीड, सिंदेवाही, केळझर, जिथे गाडी थांबेल तिथे मोसमाप्रमाणे टोपल्या चढतात: टेंभरं, जांभळं, शिंगाडे. शिंगाडा आधी चाखून बघायचा, मग भाव करायचा. बिल तिथेही मिळत नाही, पण मागावंसं कुणाला वाटतही नाही.

आता वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचं काम चाललंय. आत्या जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याची खबर विचारते. अंतर ५२ किलोमीटर. तिच्या हिशेबाने दोन जेवणं आणि मधे एक चहा.