आगीला दार

फायरप्लेस ही वस्तू घर तापवण्यापेक्षा घर विकण्यासाठीच जास्त उपयोगी पडते, असं माझं प्रामाणिक मत आहे. अमेरिकेच्या थंड मुलखात घर बघायला निघालेल्या मराठी कुटुंबाला एजंट तळघर, गॅरेज, छपराचं वय वगैरे सगळं दाखवून झालं की शेवटी दिवाणखान्यातल्या त्या विटांच्या कोनाड्यासमोर नेऊन उभं करतो आणि स्वतः गप्प बसतो. पुढचं काम कोनाडाच करतो. बाहेर बर्फ, आत ज्वाळा, पायांवर शाल, हातात आल्याचा चहा! या चित्रात चिमणीतून वर निघालेली ऊब तेवढी दिसत नाही. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाच्या उष्णतेपैकी खोलीच्या वाट्याला येतात जेमतेम १० टक्के; बाकीची आकाशाला. शिवाय ती आग घरातली हवा ओढून घेते, म्हणजे हीटरनं डॉलर मोजून तापवलेली हवा, आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून गारठा आत येतो. आगीसमोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोलीत झोपलेला दुसरी रजई शोधतो.

हे दुखणं जुनं आहे आणि त्यावर मोठमोठ्या डोक्यांनी औषध शोधलं आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७४० च्या दशकात फायरप्लेसमध्ये बसवायची लोखंडी पेटी काढली आणि तिचं पेटंट घ्यायला नकार दिला. पेटीतल्या धुरानं आधी खाली जावं, मग मागून वळून चिमणीत चढावं, अशी सरकारी फायलीसारखी वाट त्यानं आखली होती. धूर अर्थातच अडला. पुढे इतरांनी ती वाट सरळ केली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की याच फ्रँकलिननं १७३६ मध्ये फिलाडेल्फियात आग विझवणाऱ्यांचं पथक उभं केलं होतं. आधी बंब, मग शेगडी. क्रम शहाण्याचा आहे. त्यानंतर आला काउंट रम्फर्ड. त्यानं १७९६ मध्ये फायरप्लेसवर निबंध लिहून सांगितलं, की कोनाडा उथळ करा, बाजू तिरक्या करा, चिमणीचा गळा अरुंद करा. उष्णतेवरचा एवढा अधिकारी माणूस, पण रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या विधवेशी त्यानं केलेला संसार काही वर्षांतच मोडला. बाईंनी रागाच्या भरात त्याच्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं म्हणतात. ऊब कुठे आणि किती, हा प्रश्न अवघडच.

आजचा इन्सर्ट हा त्या दोघांचा वारस. पोलादी किंवा बिडाची पेटी, पुढे काचेचं दार, वर चिमणीत सोडलेली स्टेनलेस स्टीलची नळी. आपल्याला तो समजायला जड जाऊ नये, कारण न्हाणीघरातला तांब्याचा बंब याच जातीचा: आग मधल्या नळकांड्यात कोंडलेली, भोवती पाणी. इथे पाण्याच्या जागी खोलीतली हवा. पंखा ती पेटीभोवती फिरवून गरम करून परत देतो. चांगला इन्सर्ट लाकडातली ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात ठेवतो. आणि इथेच मालकाच्या मनात एक गैरसमज घर करतो. जास्त ऊब हवी तर थोडा धोका पत्करावा लागणार आणि सुरक्षित राहायचं तर कुडकुडावं लागणार, असं त्याला वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जी आग जास्त ऊब देते, बहुतेक वेळा तीच कमी धोक्याची असते. घात करते ती अर्धवट, धुमसणारी, काटकसरी आग.

पुरावा लाकडापासूनच सुरू होतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण खोटी नाही. तिचा हिशेब मात्र कुणी मांडलेला नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे १० किलो ओलं सरपण पेटीत घालणारा गृहस्थ ५ लिटर पाणी आगीत ओतत असतो, तेही स्वतःच्या पाठीवरून वाहून आणलेलं. त्या पाण्याची वाफ करण्यात लाकडाच्या उष्णतेचा सातवा हिस्सा जातो, पण तो तोटा किरकोळ. खरी लूट पुढे आहे. लाकडातली निम्म्याहून जास्त ताकद त्यातून निघणाऱ्या वायूंमध्ये असते आणि ते वायू नीट जळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पाण्यानं आग थंडावली की ते न जळताच वर पळतात. आपण त्याला धूर म्हणतो. खरं तर तो पैसे देऊन विकत घेतलेला, न वापरलेला माल. म्हणून लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं निदान वर्षभर ठेवावं. ओकला दोन वर्षंही लागतात. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आलं का ते मोजणारं लहानसं यंत्र मिळतं, पण ते ओंडका नव्यानं फोडून आतल्या बाजूला टोचायचं. बाहेरून सगळेच कोरडे दिसतात.

आता आक्षेप येतो तो अनुभवी मंडळींकडून. रात्री पेटी गच्च भरून हवेची झडप बंद केली की आग सकाळपर्यंत पुरते, मग नुकसान काय? पुरते, हे कबूल. उपाशी माणूसही हळू चालतो. हवा तोडली की ज्वाळा मरतात, वायू कच्चेच वर जातात आणि नळीत १२० अंशांच्या खाली थंडावताच क्रिओसोट होऊन आतून चिकटतात: काळा, डांबरी, आणि स्वतः उत्तम पेटणारा. हा थर एखाद्या रात्री पेटला की चिमणीत तापमान १००० अंशांच्या वर जातं आणि घरातल्यांना छपरावरून आगगाडी गेल्यासारखा आवाज येतो. म्हणजे वाचवलेलं लाकूड संपत नाही, ते चिमणीत जमा होतं आणि एकरकमी परत मिळतं. त्यापेक्षा पेटवताना हवा पूर्ण उघडी ठेवावी, लाकूड चांगलं धरलं की थोडीथोडी कमी करावी, पण ज्वाळा नाचत्या राहतील इतपतच. काच हे प्रगतिपुस्तक समजावं. ती काळवंडली तर वर नळीतही तेच चाललं आहे. वर्षातून एकदा चिमणी तपासून साफ करावी, हा सल्ला चिमणीवाल्याच्या फायद्याचा आहे हे खरं; दातांच्या डॉक्टरचाही असाच असतो.

दुसऱ्या टोकाचा वाचक म्हणेल, आग जितकी मोठी तितकी बरी, असंच ना? नाही. पेटीचं लोखंड लाल दिसू लागलं की ती वाकते, तडकते. इथे ऊब आणि धोका खरोखर एका बाजूला येतात, तेव्हा लोखंडाला चिकटणारा थर्मामीटर लावावा आणि त्याचं ऐकावं. जास्त ऊब हवी तर लाकडाआधी गळती शोधावी. पेटीच्या डोक्यावर, नळीभोवती, जुन्या चिमणीचा गळा बहुधा मोकळाच असतो; तिथे पत्रा आणि न जळणारी रॉकवुल बसवून घेतली की आकाशाला जाणारा हप्ता बंद. दाराच्या कडेची दोरी झिजली का ते बघायला, आग नसताना, दारात नोट धरून दार लावावं आणि नोट ओढावी. सहज निसटली तर दोरी बदलावी. एक डॉलरची नोट पुरते; शंभराची धरल्यानं निकाल बदलत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र हवाच, कारण त्या वायूला वास नसतो आणि तो उठवत नाही, झोपवतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा भिंतीवरचं हीटरचं बटण फिरवलेलं काय वाईट, हा शेवटचा आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. चांगल्या इन्सर्टमधूनही धूर निघतोच. अमेरिकेत २०२० पासून नव्या शेगड्यांना तासाला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम कणांची मुभा आहे, शून्याची नाही. पण बर्फाच्या वादळात वीज गेली की ते बटण मुकं होतं. तेव्हा इन्सर्टचा पंखाही थांबतो, तरी काचेतून धग येत राहते. राहता राहिली राख, आणि तिच्या बाबतीत तरी आपल्याला कुणी शिकवायला नको. रात्री राखेखाली झाकलेल्या विस्तवावर सकाळची चूल पेटवणाऱ्या बायका आपल्याच घरांत होत्या. तरी वर गार दिसणारी राख कागदी पिशवीत भरून गॅरेजमध्ये, गाडीशेजारी ठेवणारे लोक असतात. झाकणाचा पत्र्याचा डबा स्वस्त मिळतो, तो घराबाहेर, लाकडी ओट्यापासून लांब ठेवावा, आणि चार दिवस त्याच्याकडे फिरकू नये.