दहापैकी किती दुखतंय?

आजारपणात मराठी माणसाला दोनच गोष्टी मनापासून जमतात : पडून राहणं आणि भेटायला येणाऱ्यांना हकिगत सांगणं. फिजिओथेरपीवाले यातल्या पहिलीच्याच मुळावर उठले आहेत.

सोसायटीच्या कोर्टावर ड्रॉप उचलायला झेपावलो आणि पोटरीत 'टक्' झालं. मागून कुणी रॅकेट हाणली म्हणून वळलो, तर मागे कुणीच नाही. स्नायू अर्धवट फाटला होता. मग मंडळी जमली. एक म्हणे हळद-तुरटीचा लेप, दुसरे म्हणे आमच्या मालिशवाल्याकडून चांगली चोळून घ्या (ताज्या फाटलेल्या स्नायूला हे भलतंच महागात पडतं), तिसऱ्यांचा बर्फ आणि विश्रांतीवर फार जीव. हा मंत्र 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने रूढ केला. बर्फाबद्दलचं मत त्याने स्वतःच पुढे बदललं, पण ते आमच्या बी विंगपर्यंत पोचलेलं नाही.

सूज उतरली आणि मी फिजिओच्या ताब्यात गेलो. माझ्या मुलीच्या वयाची. तिने टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. दुखरी बारीक भरली. "काका, वापरला नाही की स्नायू लगेच वाळायला लागतो," ती म्हणाली. फाटलेल्या जागी शरीर नवे धागे विणतं, पण सुरुवातीला ते कसेही, आडवेतिडवे पडतात. त्या भागावर बेताचा ताण देत गेलं की ते ओढीच्या दिशेने सरळ लागतात. ताण फार लवकर दिला तर पुन्हा फाटतं, दिलाच नाही तर जागा आखडते. तो 'बेताचा' म्हणजे किती, हे ठरवायलाच ही मुलं कित्येक वर्षं शिकतात.

त्यासाठी तिचा एकच प्रश्न : "दहापैकी किती दुखतंय?" उभा जन्म मार्क वाढवून मागण्यात गेला, इथे कमी सांगितले तर व्यायाम वाढतो आणि जास्त सांगितले तर खरे वाटत नाहीत. मी साडेतीनवर तडजोड केली.

मग रबरी पट्टा आला. आधी पिवळा, मग लाल, मग हिरवा. रंग बदलला की ओढायला जड. पुढे पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच वर उचलायची आणि सावकाश खाली सोडायची. वर जाताना काही वाटत नाही, खरी मेख खाली येण्यात. स्नायू लांबत लांबत भार पेलतो आणि त्यातच भक्कम होतो. मी जिन्यात हे करत असताना बायको भाजीची पिशवी घेऊन वर आली. "अहो, वर तरी चढा नाहीतर खाली तरी उतरा," म्हणाली.

आता दुखणं शून्यावर आहे, तरी कोर्टबंदी कायम. चांगल्या पायावर जितक्या वेळा टाच उचलता येते, तितक्याच वेळा दुखऱ्यावर आली पाहिजे, असा हुकूम आहे. तुमचीही पोटरी गेली असेल, तर दुखायचं थांबलं म्हणून फिजिओला टांग मारू नका. दुखणं आधी जातं, ताकद बरीच मागून येते.