मुलाखत घ्या, पण तोंड उघडू नका

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात मुलाखतीचा प्रश्न असतो. अमुक क्षेत्रातली एक नामवंत व्यक्ती आहे, तिला विचारायचे आठ-दहा प्रश्न तयार करा. गुण ४. मुलं प्रश्न लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. उत्तर देणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही. याला मुलाखत म्हणायचं?

त्याच पेपरात पर्यायाला गटचर्चा आहे, भाषण आहे, सूत्रसंचालन आहे, सिनेमाचं परीक्षण आहे, ब्लॉगही आहे. बोलण्याचे आणि माध्यमांचे एवढे प्रकार एका प्रश्नपत्रिकेत क्वचितच सापडतील. आणि परीक्षेच्या खोलीत तीन तास कुणी ब्र काढायचा नाही.

गटचर्चा चार जणांची, लिहिणारा एक. मुद्दा त्यानेच मांडायचा, त्यानेच खोडायचा, समारोपही त्यानेच करायचा. चारही बाजूंनी एकट्यानेच कॅरम खेळल्यासारखं हे. यात कोण हरणार?

दहावीत बातमी लिहायला येते. मथळा पेपरातच छापलेला. घटना घडलेली नाही, मूल कुठे गेलेलं नाही, कुणाला काही विचारलेलं नाही. मथळा, गाव-तारीख, पहिला परिच्छेद जागच्या जागी बसले की गुण मिळतात. घटनेआधीच बातमी लिहायची सवय आपण पंधराव्या वर्षी लावतो आणि पुढे पत्रकारितेच्या नावाने गळा काढतो.

अभ्यासक्रम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मान्यच केलं पाहिजे. मुलांनी बोलावं म्हणूनच त्यांनी हे सगळं आणलं. बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकात धड्याआधी ‘चिट-चॅट’ आलं. शेजारच्याशी गप्पा मार, असं खुद्द पुस्तकच मुलाला सांगायला लागलं.

गाईडवाल्यांनी त्या गप्पांचीही उत्तरं छापली.

‘पण तोंडी परीक्षा असते की!’ असते. बारावीला ८० गुण लेखी, २० तोंडी. ते २० गुण कसे पडतात, हे ज्याच्या घरात दहावी-बारावीचं मूल आहे त्याला विचारा. २०१९ च्या दहावीत भाषांचे तोंडी गुण सरकारने काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. नागपूर विभाग तळाला, ६७.२७ टक्के. ओरड झाली, गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के. अभ्यासक्रम नवा होता, २०२० मध्ये भूगोलाचा पेपर रद्द झाला, ही कारणंही खरी. तरीही एक प्रश्न उरतोच. नागपूरच्या मुलांची वाचा २०१९ मध्ये गेली होती आणि २०२० मध्ये परत आली, असं कुणी छातीठोकपणे सांगेल?

आता शाळेच्या गॅदरिंगकडे या. इंग्रजी नाटुकलं हवंच, कारण पालक येणार. बाई संहिता लिहितात, नाहीतर कुठून तरी उतरवून घेतात. महिनाभर घोकंपट्टी चालते. ‘गुड मॉर्निंग डॉक्टर, आय हॅव अ स्टमकएक.’ डॉक्टर झालेल्या मुलाला आपलं वाक्य पाठ आहे, समोरच्याचं नाही. रुग्ण एक ओळ विसरला की डॉक्टर गप्प. पडद्याआडून बाई दोघांचीही वाक्यं पुरवतात. टाळ्या पडतात.

इंग्रजी बोललं कोण? बाई.

रोल-प्लेचा, म्हणजे भूमिका घेऊन बोलण्याचा, जीव एकाच गोष्टीत असतो. समोरचा काय बोलणार, हे आपल्याला माहीत नसणं. ते माहीत झालं की उरतं पाठांतर, मग अंगावर डॉक्टरचा कोट घाला नाहीतर वकिलाचा.

समजा, सातवीतल्या दोन मुली. दोघींना दोन चिठ्ठ्या. एकीच्या चिठ्ठीत लिहिलंय : बर्डीच्या बाजारातून काल छत्री घेतली, उघडत नाही, परत करायची आहे, बिल हरवलं आहे. दुसरीच्या चिठ्ठीत : तू दुकानदार, बिल नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, दुसरी छत्री देता येईल, पण ती वीस रुपयांनी महाग आहे. एकमेकींची चिठ्ठी बघायची नाही. करा सुरुवात.

‘सर, धिस अंब्रेला नॉट ओपन.’

‘बिल?’

‘बिल... माय ब्रदर थ्रो.’

‘नो बिल, नो मनी.’

इथे पहिली अडते. वर्ग हसतो. तिला भांडायचं आहे, बर्डीवर आईला घासाघीस करताना तिने शंभरदा पाहिलंय, पण शब्द सापडत नाही. ती बाईंकडे वळते आणि मराठीत विचारते, ‘कालच घेतली होती, हे कसं सांगू?’ बाई सांगतात, ‘आय बॉट इट ओन्ली यस्टर्डे.’ ती ते वाक्य उचलते आणि दुकानदाराच्या तोंडावर फेकते. भूतकाळाचा तक्ता फळ्यावर वर्षभर होता. तो कामी आला आज, कारण आज छत्रीचे पैसे अडकलेत.

दुकानदारीणही काही कच्ची नाही. ‘न्यू अंब्रेला, ट्वेंटी रुपीज मोअर.’ पहिलीला चिठ्ठीतल्या त्या वीस रुपयांची कल्पनाच नव्हती. आता तिला ऐकावं लागतं, समजून घ्यावं लागतं, ‘टेन’ म्हणावं लागतं. तिने हे वाक्य कुठेही पाठ केलेलं नाही. पाठ करणं सोडाच, ते कुठल्या पुस्तकातही नाही.

यात खर्च किती? दोन चिठ्ठ्यांचा.

हे परदेशातून आयात करावं लागत नाही. १९७९ च्या सुमारास एन. एस. प्रभू यांनी बंगळुरूकडच्या साध्या सरकारी शाळांमध्ये नेमका हाच विचार चालवून पाहिला. भाषेचे नियम शिकवत बसण्याऐवजी मुलांपुढे सोडवण्याजोगं काम ठेवायचं. वेळापत्रक बघून गाडी ठरव, नकाशा बघून वाट सांग. मूल कामात गुंतलं की भाषा त्याच्यामागून येते. हा ‘बंगलोर प्रोजेक्ट’ जगभरचे इंग्रजीचे शिक्षक आजही अभ्यासतात. आपल्याकडे तो बी.एड.च्या पेपरात टीप लिहिण्यापुरता उरला.

आणि वेश घेऊन बोलणं विदर्भाला कुणी शिकवायचं? वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर रात्र-रात्र चालतात. दंडार या लोकनाट्यात उत्स्फूर्त बोलण्याला भरपूर वाव. तान्ह्या पोळ्याला नागपुरातलं पोर लाकडी बैल ओढत, सोंग घेऊन दारोदार जातं आणि खाऊ-पैशांचा बोजारा मागून आणतं. आणखी एका गोष्टीत तर हे शहर एकटंच. मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बडग्यांचे पुतळे वर्षभरातल्या राजकारणावर, महागाईवर थेट बोट ठेवतात. पुतळा, पाटी, घोषणा, ताजा विषय. विद्यार्थ्यांचा मीडिया प्रोजेक्ट म्हणजे याहून वेगळं काय असतं?

हेच पोर इंग्रजीच्या तासाला हाताची घडी, तोंडावर बोट.

आणखी एक आठवण करून द्यायला हवी. मराठी रंगभूमीला ‘वाडा चिरेबंदी’ देणारे महेश एलकुंचवार नोकरीने इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि तेही नागपूरच्याच कॉलेजांमध्ये. नाटक आणि इंग्रजी या शहरात एकाच माणसाने जन्मभर सांभाळलं. इथल्या शाळांच्या वेळापत्रकात मात्र नाटक डिसेंबरात आणि इंग्रजी बाकीचे महिने. दोघांची गाठ पडत नाही.

‘त्यापेक्षा माध्यमच बदला,’ असं म्हणणारे पालक आता वस्तीवस्तीत आहेत. नागपूर महापालिकेने आकांक्षा फाउंडेशनच्या साथीने इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या, त्यांत गरिबाघरची मुलं शिकतात, हे चांगलंच झालं. पण गल्लोगल्लीच्या ‘कॉन्व्हेंट’चं काय? पुस्तक इंग्रजी, वही इंग्रजी, टाय इंग्रजी. वर्गात मुलांनी स्वतः रचलेली इंग्रजी वाक्यं किती? ‘मे आय गो टू टॉयलेट’ धरून मोजा.

शिक्षकांना झोडपून मोकळं होणं सोपं आहे. ते करू नये. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. ज्यांनी ते शिकवायचं होतं, त्यातल्या बहुतेकांची स्वतःची एबीसीडी पाचवीत सुरू झालेली. आपल्याला बोलता येत नाही ही धाकधूक घेऊन ते वर्गात उभे राहिले आणि अजून उभे आहेत. वर निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं. त्यांना आधार म्हणून काय दिलं? प्रशिक्षण. तिथे तज्ज्ञ व्यक्ती पडद्यावर स्लाइड लावून दिवसभर एकटीच बोलते. विषय : मुलांना बोलतं कसं करावं.

बरं, एखाद्या बाईंनी मनावर घेतलंच, वर्गात चिठ्ठ्या वाटल्याच, तर चाळीस मुलं एकदम बोलणार. गलका होणार. दारात मुख्याध्यापक. ‘काय गोंधळ चाललाय?’ शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, ही समजूत आपल्या शाळांत भिंतीत चिणलेली आहे. शांततेत गणित सुटेल. बोलणं कसं सुटणार?

मराठी शाळांसाठी पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने ‘वुई लर्न इंग्लिश’ हा रेडिओ कार्यक्रम केला होता. त्यातली पात्रं प्रश्न विचारून थांबायची, वर्गातल्या मुलांनी उत्तर द्यावं म्हणून. रेडिओ थांबायचा! किती वर्गांत शिक्षक मुलाच्या उत्तरासाठी तेवढे थांबतात?

आता मीडिया प्रोजेक्टची टूम. शाळेचं यूट्यूब चॅनल, इंग्रजी बातमीपत्र, मुलं निवेदक. कल्पना उत्तम. पण कॅमेरा सुरू होतो तसा मोठ्यांचा जीव वर-खाली होतो. जग बघणार, चूक कशी चालेल? मग मजकूर सर लिहितात, उच्चार बाई घोटून घेतात, नीट बोलणारी तीच दोन मुलं दर वेळी पुढे. उरलेली अडतीस टाळ्यांना. वरून आदेश आलेला असतो, ‘उपक्रमाचे फोटो जोडून अहवाल सादर करावा.’ फोटो जातात. उपक्रम संपतो.

जगाला दाखवायची घाई कशाला? शेजारच्या तुकडीला ऐकवा. तिथे चूक झाली तर मुलं हसतील आणि पाच मिनिटांत विसरतील. फोन नसेल तर कागद पुरतो. ‘हितवाद’ १९११ पासून नागपुरातून निघतो, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेला. म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्र या गावाला शतकाहून जुनं. त्याचा एक अंक वर्गात ठेवा आणि सांगा, असंच एक पान आपल्या वॉर्डाचं करा.

नागपूरच्या कळमना मार्केटला मुलं घेऊन जा. अंबिया बहाराची संत्री यायला लागली की पहाटेपासून ढीग लागतात. अडत्याला, हमालाला, शेतकऱ्याला मुलं आपल्या बोलीतच विचारतील, ‘काका, यंदा माल काऊन कमी हाये?’ खुशाल विचारू दे. उत्तर वहीत येऊ दे. मग वर्गात बसून ते इंग्रजीत सांगायचं, तेही कळमना न पाहिलेल्या मुलाला कळेल असं. भाव किती, कुणाला परवडला, कुणाला नाही. इथे इंग्रजीला काम मिळालं. मुलाजवळ सांगण्यासारखं काही आहे आणि समोरच्याला ते माहीत नाही. छत्रीच्या चिठ्ठ्यांत तरी दुसरं काय होतं?

यावर लगेच आक्षेप, ‘व्याकरण बिघडेल.’ बिघडायला ते आधी तोंडात यावं लागतं. वाचन हवं, शब्दसंग्रह हवा, लेखनातल्या चुका दुरुस्त करणं हवं, नुसत्या सोंगांनी भाषा येत नाही, हे सगळं कबूल. पण वाक्य अर्ध्यात तोडून ‘थ्रो नाही, थ्रू’ म्हणणारे सर त्या मुलाला क्रियापद शिकवत नाहीत. गप्प बसायला शिकवतात.

जागा शोधायचीही गरज नाही. रोजच्या परिपाठात बातम्या असतातच. एक मूल पेपरातले मथळे उतरवून आणतं, दिल्लीच्या आणि वॉशिंग्टनच्या बातम्या माना खाली घालून वाचतं. त्यालाही कळत नाहीत, रांगेतल्या मुलांनाही नाही. त्याऐवजी शाळेच्याच बातम्या इंग्रजीतून येऊ द्या. कुणाचा कंपास हरवला, कबड्डीत कोण जिंकलं, काल खिचडीत मीठ कमी होतं. बातमीदार रोज नवा. मजकूर त्याचा त्याने लिहायचा, सरांनी आधी बघायचा नाही.

समजा, एखादी मुलगी सोमवारी पुढे येऊन म्हणाली, ‘वॉटर टँक इज एम्प्टी सिन्स थ्री डेज. वुई आस्क्ड प्यून. प्यून सेड, आस्क हेडमास्टर.’ व्याकरणात खोट आहे, बातमीत नाही. रांगेतलं एकूण एक पोर कान टवकारून ऐकेल, कारण तहान त्यांनाच लागली आहे.

आणि मग मुख्याध्यापकांना सगळ्या शाळेसमोर उत्तर द्यावं लागेल. इंग्रजीतून.