डाव्या बाजूचा बटाटा

अमेरिकेतल्या मराठी समारंभाचा खरा मुहूर्त पॉटलकची यादी व्हॉट्सॲपवर पडते तेव्हाच लागतो. कागदी ताटल्या, बर्फ आणि कोकच्या बाटल्या आणण्याची पुण्यकर्मं पाच मिनिटांत संपतात. ती उचलणारी माणसं झोपतात कधी, देव जाणे. बिर्याणी आणि पुरणपोळीच्या सुगरणी ठरलेल्या. त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. आळशी माणसाला उरतो एक रकाना: साइड डिश.

आपल्या पानात ही भानगड नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि बटाट्याची भाजी मानाने उजवीकडे. मुंज असो की सत्यनारायण, बटाट्याने आपली बाजू सोडलेली नाही. इथे मात्र त्याला कोंबडीच्या नाहीतर हॅमच्या शेजारी, बदली कामगारासारखं उभं करतात.

त्यातल्या त्यात आम्ही राहतो त्या युटात बटाट्याला किंमत आहे. इथल्या मॉर्मन चर्चच्या बायका, कुणाकडे मयत झालं की दफनानंतरच्या जेवणाला चीझमधले बटाटे करून नेतात. त्यांना ‘फ्यूनरल पोटॅटोज’ असंच म्हणतात. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भात येतो, तशातलाच हा प्रकार. पण 2002 साली सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिम्पिक झालं तेव्हा या बटाट्यांचा चक्क बिल्ला निघाला होता. पिठल्याच्या नशिबी अजून बिल्ला नाही. आता हा पदार्थ बारशापासून ख्रिसमसपर्यंत सगळीकडे चालतो. तरी डोहाळजेवणाला नेताना मी त्याचं नाव ‘चीझी पोटॅटो’ असंच सांगतो.

कृती अशी, की तिला कृती म्हणायलाही संकोच वाटावा. गोठवलेल्या किसलेल्या बटाट्याची 30 औंसांची, म्हणजे साधारण 850 ग्रॅमची पिशवी आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवून ठेवायची. सकाळी त्यात घट्ट सूपचा एक डबा, कपभर सावर क्रीम, दोन कप किसलेलं चेडर, बारीक चिरलेला कांदा आणि हात आखडता न घेता लोणी. मूळ कृतीतलं सूप कोंबडीचं असतं. आपल्या मंडळींसाठी मशरूमचं आणायचं आणि डब्यावरची बारीक अक्षरं वाचून घ्यायची, कारण कुणीतरी ती वाचणारच. सगळं स्लो कुकरमध्ये ओतून ‘लो’वर चार-पाच तास. लोण्यात परतलेले चुरडलेले कॉर्नफ्लेक्स अगदी वाढताना वर पसरायचे. आधी घातले तर वाफेने त्यांचा लगदा होतो.

अवघड आहे ते पुढे. झाकण उघडायचं नाही.

शिकागोच्या आयर्विंग नॅक्सनने 1940 साली या भांड्याचं पेटंट मिळवलं, ते आईकडून ऐकलेल्या एका आठवणीवरून. लिथुएनियात शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ लागण्याआधी, ज्यू घरांतली भांडी बेकरीच्या भट्टीत जायची आणि चुलीला हात न लावता दुसऱ्या दिवशी जेवण तयार. पुढे 1971 मध्ये ‘क्रॉकपॉट’ या नावाने ते घरोघरी गेलं. थोडक्यात, हे भांडं जन्मलंच मुळी हात न लावण्यासाठी. आणि आपण? पातेल्यावरचं झाकण काढून ‘बघू जरा’ म्हणणं हा आपला जन्मसिद्ध हक्क. इथे एकदा बघितलं की कोंडलेली ऊब निघून जाते आणि वीस-पंचवीस मिनिटं वाढतात. चार जणांनी काळजी केली तर बटाटा दुसऱ्या दिवशीच शिजेल. शिट्टी नाही, वाफेचा फुत्कार नाही; प्रेशर कुकरवर वाढलेल्या माणसाला हे यंत्र चालू आहे की वारलं, तेच कळत नाही.

हॉलवर पोचल्यावर दुसरा अंक. इथल्या साध्या सर्किटवर 120 व्होल्ट आणि 15 अँपिअर, म्हणजे 1800 वॉट. अडीचशे वॉटचे सात कुकर एका रांगेत गुण्यागोविंदाने नांदतात, तेवढ्यात कुणीतरी चहाची किटली लावतं आणि अंधार होतो. मग हॉलमधले तमाम इंजिनिअर फ्यूजच्या पेटीपाशी जमतात. सगळे सॉफ्टवेअरवाले. बंद करून चालू करा, यावर एकमत होतं.

गेल्या खेपेला यजमानांच्या पुण्याहून आलेल्या काकूंनी झाकण उचललं. “अगंबाई, वर चिवडा कुणी सांडला?” पण दोनदा वाढून घेतलं.

“छान झालंय हो. चतुर्थीला चालेल का?”

“कॉर्नफ्लेक्स आहेत, काकू.”

“ते काढायचे.”

“कांदा आहे. सूपमध्ये मैदा असतो.”

“तेही काढायचं. चीझचं मला काही सांगता येत नाही, तेव्हा तेही नको. लोण्याऐवजी तूप घे, जिरं घाल, दोन हिरव्या मिरच्या, वरून दाण्याचं कूट.” काकूंनी माझ्या कुकरकडे कीव आल्यासारखं बघितलं. “आणि याला हे एवढं धूड कशाला लागतंय? कढईत दहा मिनिटांत होते.”