भरताड वगळून

कुवेतमध्ये उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. 1 जून ते 31 ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी. मग सालमियातली मराठी पोरं एसीत बसून ‘नारुतो’ ही जपानी ॲनिमे मालिका उरकतात. पहिलं पर्व 220 भागांचं, पुढचं ‘शिप्पुदेन’ 500 भागांचं. मूळ चित्रकथा तेव्हा आठवड्याला एक प्रकरण पुढे सरकायची; मालिका तिच्या मानगुटीवर येऊन बसली की निर्माते मध्ये भरताड घालायचे. पहिल्या पर्वात 136व्या भागापासून जवळजवळ शेवटपर्यंत तेच! कुठले भाग गाळायचे हे पोरांना तोंडपाठ. (पाढ्यांचं विचारू नका.)

बाबा हसतात. ते स्वतः ‘अजून दोनच वर्षं’ म्हणत दरवेळी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवून घेतात. आई टीव्ही मालिकेतल्या सासूची एकच थप्पड तीन बाजूंनी बघते, भाग मात्र चुकवत नाही. चिरंजीवांनी हाच नियम गणेशोत्सवालाही लावला: पाहुण्यांचा परिचय, प्रायोजकांचे आभार, अध्यक्षीय मनोगत, सगळं गाळून थेट आरतीला हजर आणि मोदकांना सर्वांत पुढे.

वाचलेल्या वेळात ते काय करतात? गाळलेल्यांपैकी कुठले भाग बघायलाच हवे होते, यावरचे दोन-दोन तासांचे व्हिडिओ बघतात.