यंत्र खराब नसतं

विंध्याचा घाट उतरलेले ट्रक रात्रभर धामनोदवरून खलघाटकडे, नर्मदेच्या पुलाकडे धडधडत जातात. काकासाहेबांची त्यांच्याबद्दल काहीच तक्रार नाही. महेश्वरला गेले तर हातमागांच्या खटखटीत तासभर बसून डुलकीही काढतात. “हे कामाचे आवाज,” म्हणतात. त्यांचं वैर बिनकामाच्या आवाजांशी: कूलरची घरघर, पंख्याची टकटक, खिडकीच्या गजाची किणकिण. असा आवाज कुणाच्याही घरात निघो, काकासाहेब न बोलावता हजर होतात.

त्यांची उभी हयात जिनिंग फॅक्टरीत, कापसाच्या यंत्रांपाशी गेली. त्याची फळं कानांनी भोगली. तपासणीच्या कागदावर 4000 हर्ट्झच्या आसपास रेषा एकदम खाली गेली आहे. गोंगाटात वर्षं काढलेल्यांचे कान बहुधा तिथूनच जायला लागतात. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं त्यामुळे विरतात, पण खालच्या पट्टीतली घुं मात्र शाबूत पोचते. म्हणून काकूंचं “चहा झालाय” काकासाहेबांना तीनदा सांगूनही ऐकू येत नाही, आणि तिसऱ्या घरातल्या कूलरचा पंप कण्हायला लागला की ते ताटावरून उठतात. डॉक्टर याला बहिरेपणा म्हणतात. काकू सोय म्हणतात.

त्यांची तपासणी पाहण्यासारखी असते. आधी ते घरातलं सगळं बंद करायला लावतात. मे महिना, पारा चव्वेचाळीसवर, यजमान सहकुटुंब घामाघूम, आणि काकासाहेब एकेक बटण दाबत “आता ऐका” म्हणणार. मग पेचकसाचं टोक यंत्रावर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. या अवस्थेत कुणी शिंकलं तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

निदान मात्र ठरलेलं. “यंत्र खराब नसतं, भैया. त्याला धरणारं खराब असतं.” यजमान नवा कूलर घ्यायच्या बेतात असतो. काकासाहेब पात्यांवर साचलेला खाऱ्या पाण्याचा थर खरवडतात, कारण एक पातं जड झालं की पंखा झोकांड्या खातो. मग कूलर खिडकीच्या चौकटीपासून बोटभर मागे ओढून पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे सरकवतात. घरघर थांबते. त्यांचं व्याख्यान थांबत नाही.

ही विद्या गेल्या जानेवारीत थेट मिनेसोटापर्यंत पोचली. त्यांचा मुलगा तिथे असतो. तिकडच्या थंडीत गाडीलाही ऊब लागते, म्हणून त्याच्या गॅरेजच्या छताला गॅसचा हीटर टांगलेला. धामनोदच्या गॅरेजात मिस्त्री पंख्यासाठी भांडतात. त्यामुळे हे ऐकून काकासाहेब थोडा वेळ गप्पच झाले. गॅरेजच्या बरोबर वर झोपायची खोली. हीटर सुरू झाला की पलंगासकट सगळी खोली गुणगुणायची. तिकडे रात्रीचे नऊ, इकडे सकाळचे साडेआठ. पोह्यांच्या बशीसमोर व्हिडिओ कॉल लागला.

“बाबा, हीटरच बदलतो.”

“मोबाइल थरथरवर ठेव. हातात धर. ऐकू येतो? आता स्टीलच्या ताटलीत ठेव.”

ताटलीने घर डोक्यावर घेतलं. काकासाहेब प्रसन्न झाले. मोटर तीच, थरथर तीच. पातळ पत्रा सापडला की तिला कंठ फुटतो. मुलाच्या घरी ताटलीचं काम छताची फळी करत होती. हीटर चार लोखंडी सळ्यांनी लाकडी तुळयांना घट्ट आवळलेला, आणि पंख्याची मोटर सेकंदाला जवळजवळ 29 फेरे घेणारी. प्रत्येक फेरा सळईतून तुळईत, तुळईतून फळीत.

“मी रबरी वॉशर घातलेत,” मुलगा म्हणाला.

“वजनाने दबतात किती?”

“बिलकुल नाही. पाना लावून पिळलेत.”

“मग ते रबर कसलं? लोखंडाचा धाकटा भाऊ झाला तो!”

इथे काकासाहेबांनी बशी बाजूला सारली, ही मोठी गोष्ट. वजनाने रबर एक मिलिमीटर दबलं तर टांगलेलं यंत्र आपल्या मनाने सेकंदाला साधारण 16 झोके घेतं. स्प्रिंग एक सेंटिमीटर ताणली गेली तर पाचच. मोटरचे फेरे या झोक्यांच्या दीडपटीहून जितके जास्त, तितकी थरथर अलीकडेच अडते. म्हणून प्रत्येक सळईत हीटरचं वजन पेलेल अशी स्प्रिंग घाल, आणि स्प्रिंग तुटली तरी हीटर गाडीवर पडू नये म्हणून साखळी. गॅसची कडक नळीही थरथर वर नेते, तिथे लवचीक जोड हवा. “पण त्याला तू हात लावायचा नाहीस. परवानावाला माणूस बोलव. गॅसमध्ये जुगाड नाही.” आयुष्यभर ट्यूबच्या तुकड्यांवर जग तोलणाऱ्या माणसाचं हे वाक्य ऐकून काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

स्प्रिंगा लागल्या, जोड बसला, खोली शांत झाली. काकासाहेबांनी धामनोदमध्ये ही बातमी दुकानोदुकानी सांगितली, आणि मिनेसोटा भूगोलात नेमकं कुठे आहे हे चौकातल्या चहावाल्यालाही पाठ झालं.

आठवड्याने पुन्हा कॉल आला. या वेळी सूनबाई होत्या.

“बाबा, आता दुसराच आवाज येतो.”

“येणारच!” काकासाहेब खुलले. मोठा आवाज गेला की त्याच्या आड लपलेले लहान आवाज पुढे येतात, म्हणून तर या धंद्यात मंदी नाही. “फ्रिज भिंतीला टेकलाय का?”

“फ्रिज नाही, बाबा. तुमचे चिरंजीव घोरतात. आधी हीटरमुळे कळत नव्हतं.”

काकासाहेबांनी डोळे मिटले. हात सवयीने पेचकसाकडे गेला.

“उताणा झोपतो?”

“हो.”

“मग मुलगा खराब नाही, सूनबाई. ठेवलाय चुकीचा. कुशीवर करा.”